पियानोपासून तारप्यापर्यंत : वादकाच्या शरीराला योग काय देतो?

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात पियानो क्वचितच दिसेल, पण काळ्या-पांढऱ्या पट्ट्या सगळीकडे आहेत. शाळेच्या प्रार्थनेला पेटी, भजनाला पेटी आणि हळदीच्या मांडवात लोखंडी स्टँडवर ठेवलेला कीबोर्ड. तारपा या इथल्या फुंकवाद्याच्या चालीसुद्धा आता या कीबोर्डवर वाजतात. लग्नसराईत वाजवणारा पोरगा संध्याकाळी बसतो तो मध्यरात्रीनंतरच उठतो. मिळेल त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायचं, स्टँडची उंची असेल ती चालवून घ्यायची. त्याच्या मनगटाची, मानेची आणि खांद्याची तक्रार युरोपातल्या संगीतशाळेतल्या पियानोवादकाच्या तक्रारीहून फारशी वेगळी नसते. त्याला उपाय विचारायची सोय नसते, एवढाच फरक. म्हणून पियानोवादकाला योगाचा फायदा होतो का, हा प्रश्न इथून विचारताना त्यात पेटीवाला, कीबोर्डवाला आणि तारपकरी या तिघांनाही घ्यायला हवं.

हा प्रश्न जगभर गांभीर्यानं घेतला गेला, त्यातला एक महत्त्वाचा प्रसंग महाराष्ट्रात घडला. १९५२ साली व्हायोलिनवादक येहुदी मेन्युइन भारतात आले होते. नाव जगभर होतं, पण शरीर थकलेलं होतं आणि झोप नीट लागत नव्हती. योगाबद्दल कुतूहल होतं, काही आसनं ते स्वतःच करून पाहत होते. मुंबईत त्यांच्याकडे पुण्याचे योगशिक्षक बी. के. एस. अय्यंगार यांना नेण्यात आलं, तेव्हा मेन्युइननी दमल्याचं सांगून पाचच मिनिटं देऊ केली. अय्यंगारांनी त्यांना आडवं केलं, डोळे-कान झाकून शांत केलं. मेन्युइनना गाढ झोप लागली आणि पाच मिनिटांची भेट काही तासांची झाली. १९५४ मध्ये मेन्युइननी त्यांना स्वित्झर्लंडला बोलावून घेतलं. पुढे त्यांनी अय्यंगारांना एक घड्याळ भेट दिलं. त्याच्या मागे, व्हायोलिनमधले माझे सर्वोत्तम गुरू, अशा अर्थाचा मजकूर कोरलेला होता. व्हायोलिनची एक तारही न छेडणाऱ्या माणसाला एका श्रेष्ठ वादकानं दिलेला हा मान आहे. पियानोवादक क्लिफर्ड कर्झनसुद्धा अय्यंगारांकडे शिकले. १९६६ मध्ये ‘लाइट ऑन योगा’ हे पुस्तक आलं, मराठीत ते ‘योगदीपिका’ म्हणून वाचलं जातं. त्याची प्रस्तावना मेन्युइन यांचीच आहे.

या हकिकतीत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की अय्यंगारांनी पहिल्या भेटीत बोटांना हात लावला नाही. त्यांनी वादकाला विसावा दिला. वादकाची बोटं सोडून बाकीचं शरीर पाहायचं, ही दृष्टी शरीररचनेलाही धरून आहे.

बोटं वाकवणारे आणि उचलणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात. बोटापर्यंत येतात त्या त्यांच्या लांब दोऱ्या, म्हणजे कंडरा. बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मुख्य नस मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूला एका अरुंद बोगद्यातून जातात. या नसेचा उगम मानेत आहे. तिथून ती खांद्याखालून, कोपरापुढून हातात येते. मान पुढे काढून, खांदे कानाकडे चढवून दोन-तीन तास वाजवलं की आधी खांदा भरून येतो, मग कोपराखालचा भाग दगडासारखा होतो आणि शेवटी बोटांना मुंग्या येतात. वादक चोळत बसतो ती बोटं. पियानोची पट्टी जेमतेम एक सेंटिमीटर खाली जाते, तिला फार ताकद लागत नाही. जास्तीची ताकद आपणच लावतो आणि ती बहुतेक वेळा भीतीतून किंवा घाईतून येते. अवघड जागा आली की श्वास कोंडला जातो, जबडा आवळला जातो, अंगठा ताठ होतो. चांगला योगशिक्षक हे पाहतो. चांगला संगीतशिक्षकही पाहतो, पण त्याचं लक्ष सुराकडे असल्यानं त्याच्या नजरेतून ते निसटू शकतं.

तक्रारी किती वादकांना असतात? पियानोवादकांवरच्या अभ्यासांचा एक एकत्रित आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाजवण्यामुळे होणाऱ्या स्नायू-सांध्यांच्या त्रासाचं प्रमाण २६ टक्क्यांपासून ९३ टक्क्यांपर्यंत आढळलं. एवढी तफावत पडते, कारण कोणी साधा थकवाही त्रासात मोजतो, तर कोणी वाजवणं थांबवावं लागलं तरच मोजतो. अमेरिकेतल्या वाद्यवृंदांच्या १९८० च्या दशकातल्या मोठ्या पाहणीत दोन हजारांहून जास्त वादकांपैकी ७६ टक्क्यांनी वादनावर परिणाम करणारी किमान एक तक्रार नोंदवली होती. त्याच पाहणीत २७ टक्के वादकांनी मंचावरची धडधड दाबणारी गोळी कधी ना कधी घेतल्याचं सांगितलं. दुखणं आणि भीती ही जोडी या क्षेत्रात जुनी आहे.

योगाचे प्रयोग या दोन्हींवर झाले आहेत, पण दोन्हींचे निकाल सारखे नाहीत. हा फरक योगाच्या जाहिरातींत कधी सांगितला जात नाही.

भीतीच्या बाबतीत चित्र आशादायक आहे. अमेरिकेत टँगलवूड इथल्या उन्हाळी संगीत शिबिरातल्या तरुण व्यावसायिक वादकांवर सतबीर सिंग खालसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ४५ वादकांचे तीन गट केले. एका गटाला आसनं, प्राणायाम, ध्यान आणि सोबत योगजीवनशैलीच्या चर्चा, दुसऱ्याला फक्त सराव, तिसऱ्याला काहीच नाही. दोन महिन्यांनी योग करणाऱ्या दोन्ही गटांत चिंता, उदासी आणि राग स्पष्टपणे कमी झाले होते. मंचावरची भीतीही कमी होण्याकडे कल दिसला. चर्चा केलेल्या आणि न केलेल्या गटांत विशेष फरक नव्हता. म्हणजे गुण आला तो सरावाचा. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, संगीत महाविद्यालयातल्या २४ विद्यार्थ्यांवरच्या नऊ आठवड्यांच्या प्रयोगातही मंचाची भीती कमी झाली आणि काही महिन्यांनंतरही हा परिणाम टिकून होता. हे गट लहान आहेत, त्यावरून फार मोठे दावे करता येणार नाहीत. तरी निकाल एकाच दिशेचे आहेत आणि त्यामागचं कारणही समजण्यासारखं आहे. घाबरल्यावर शरीर रक्त मोठ्या स्नायूंकडे वळवतं, बोटं गार पडतात, थरथरतात. उच्छ्वास लांबवला की हृदयाची गती मंदावते. कार्यक्रमाआधी पाच मिनिटं श्वास आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ दिला, तर थरथर आटोक्यात येते. यासाठी गोळी लागत नाही आणि खर्चही नाही.

दुखण्याच्या बाबतीत मात्र टँगलवूडच्या त्याच अभ्यासात काहीही फरक दिसला नाही. दोन महिने योग करूनही वाजवण्यामुळे होणाऱ्या स्नायूंच्या तक्रारी होत्या तशाच राहिल्या, झोपेतही बदल झाला नाही. हे वाचून योगाच्या चाहत्यांना वाईट वाटेल, पण ते मान्य करायला हवं.

याच्या उलट दिशेचा एक पुरावा आहे आणि त्याचा धागा थेट पुण्याच्या परंपरेशी जोडलेला आहे. मनगटातल्या त्या बोगद्यात नस दाबली जाते, त्या विकाराच्या ४२ रुग्णांवर अय्यंगार पद्धतीचा प्रयोग झाला आणि १९९८ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, अकरा आसनं. त्यांचा भर वरच्या शरीरावर होता : खांदे उघडणं, हात ताणणं, पाठ सरळ करणं. ज्यांना फक्त मनगटाची पट्टी दिली होती, त्यांच्या तुलनेत योग करणाऱ्यांची पकड सुधारली आणि वेदना कमी झाली. नसेतून संदेश जाण्याच्या वेगात मात्र लक्षणीय फरक पडला नाही. हे रुग्ण वादक नव्हते, तरी पियानोवादकासाठी हा अभ्यास मला टँगलवूडपेक्षाही बोलका वाटतो. तिथे सर्वसाधारण योगवर्ग होता, इथे नेमक्या तक्रारीसाठी नेमकी आसनं निवडलेली होती. वादकाला योग द्यायचा तर तो त्याच्या वाद्याच्या मापानं बेतलेला असावा, असा निष्कर्ष मी यातून काढतो.

बेतायचा म्हणजे काय? पियानो किंवा कीबोर्ड वाजवणारा दिवसभर हात पुढे धरतो, छाती आत जाते, पाठीला पोक येतं. त्याला पुढे वाकण्याची आसनं कमी आणि छाती उघडणारी जास्त हवीत : ताडासनात हात वर नेणं, भिंतीला तळवे टेकवून कमरेतून वाकणं, उशीवर पाठ ठेवून आडवं होणं, खुर्चीवर बसून पाठीला पीळ देणं. अय्यंगारांनी दोर, पट्टे, लाकडी ठोकळे आणि खुर्च्या वापरल्या, त्यामागे आसन माणसाला बसावं ही दृष्टी होती. १९७५ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या त्यांच्या संस्थेत ही साधनं पाहायला मिळतात. पण भिंत, खुर्ची, जुनी चादर आणि टॉवेल एवढ्यावरही काम भागतं. तलासरीच्या पाड्यावर याहून जास्त काही जमवायची गरज नाही.

काही आसनं मात्र वादकानं विचार करूनच करावीत. योगामुळे झालेल्या इजांच्या प्रसिद्ध नोंदींचा २०१३ मध्ये आढावा घेतला गेला. त्यात शीर्षासनाचा उल्लेख सर्वांत जास्त वेळा आला. मानेतून निघणाऱ्या नसांवर ज्याचं पोट आहे, त्यानं मानेवर सगळं वजन घेण्याआधी जाणकाराला विचारावं. मनगट दुखत असताना तळव्यांवर अंग तोलणारी आसनं नकोत. सूर्यनमस्कारात अशा स्थिती अनेकदा येतात. आपल्याकडे योग म्हटलं की पहिले सूर्यनमस्कारच घातले जातात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. ज्यांची बोटं मुळातच मागे फार वाकतात, त्यांना ताणण्याची नव्हे, बळ वाढवण्याची गरज असते.

जे योगाला शक्य नाही, तेही स्पष्ट सांगायला हवं. पियानोवर एका सप्तकाची रुंदी साधारण साडेसोळा सेंटिमीटर असते. लहान हाताच्या वादकाला, विशेषतः मुलींना, ती गाठताना रोज ताण पडतो. कोणतंही आसन तळहाताची हाडं लांबवत नाही. तिथे रचना बदलावी, स्वर सोडावा किंवा कमी रुंदीच्या पट्ट्यांचं वाद्य घ्यावं. दुसरा आजार आहे वादकाच्या बोटांच्या विशिष्ट हालचालीच बिघडण्याचा. बाकी सगळी कामं जमतात, पण पट्टीवर हात ठेवला की एखादं बोट आपोआप आत वळतं. व्यावसायिक वादकांपैकी सुमारे एक टक्क्याला तो होतो. अमेरिकी पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचा उजवा हात १९६० च्या दशकाच्या मध्यात यामुळेच गेला आणि ते कित्येक वर्षं डाव्या हातासाठीच्या रचना वाजवत राहिले. हा बिघाड मेंदूच्या नियंत्रणातला आहे, त्याला मेंदूविकारतज्ज्ञ हवा. रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, पकडलेली वस्तू हातातून सुटत असेल, तर तिथेही आधी डॉक्टर, मग योगवर्ग. आणि विश्रांतीला पर्याय नाही. पंचवीस-तीस मिनिटांनी हात खाली सोडून उठणं ज्याला जमत नाही, त्याला सकाळचा तासभर योग पुरा पडणार नाही.

आता तारप्याकडे वळतो. या पट्ट्याची खरी संपत्ती तीच आहे. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या नळ्या आणि जिव्हाळ्या, मेणानं बंद केलेले सांधे, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. तारपकरी उभा राहून, चालत, वळत वाजवतो आणि नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती फिरते. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रकला जगात नेली. त्या चित्रांतला तारप्याचा वळसा आता सगळ्यांच्या ओळखीचा आहे. चित्रात जे ऐकू येत नाही ते असं की रात्र सरत जाते आणि सूर तुटत नाही. गालांत साठवलेली हवा ओठांनी बाहेर ढकलत असतानाच नाकानं श्वास आत घ्यायचा, अशी ही विद्या आहे. प्राणायामाच्या वर्गात श्वास आणि उच्छ्वास वेगळे करून शिकवतात, तारपकरी दोन्ही एकाच वेळी साधतो.

अशा फुंकण्याचा शरीराला लाभ होतो, याचा पुरावाही आहे, फक्त तो दुसऱ्या वाद्याचा. ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींचं डिजेरिडू याच पद्धतीनं वाजवतात. स्वित्झर्लंडमध्ये झोपेत श्वास अडकण्याचा विकार असलेल्या २५ जणांवर एक प्रयोग झाला, तो २००६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. चार महिने डिजेरिडू वाजवायला शिकलेल्यांची दिवसाची झोपाळू अवस्था कमी झाली आणि रात्री श्वास अडकण्याचं प्रमाणही घटलं. घशाच्या स्नायूंना व्यायाम मिळाल्यानं हे झालं, असा संशोधकांचा विचार होता. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा नव्वदीतही तारप्याशी जोडलेले राहिले आणि २०२६ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. एका माणसावरून आरोग्याचा नियम काढता येत नाही. पण ज्या वयात जिना चढताना धाप लागते, त्या वयात तारप्यात फुंक भरायची तर छाती, गाल आणि पोट आयुष्यभर कामात असावे लागतात, हे उघड आहे.

म्हणून तारपकऱ्याला श्वास शिकवायला कोणी शिक्षक पाठवायची गरज नाही, उलट योगशिक्षकानंच त्याच्याकडून शिकावं. त्याला मदत हवी ती मानेला, कमरेला आणि खांद्याला. लांब वाद्य पुढे धरून, दिवसभराच्या मजुरीनंतर, रात्रभर उभं राहायचं असतं. लग्नात तासन्‌तास गाणाऱ्या धवलेरीचीही तीच गत. तिचा गळा आणि बसून आखडलेली कंबर या तक्रारी कोणत्याही अभ्यासाच्या रकान्यात बसत नाहीत. वर सांगितलेले वादकांवरचे सगळे प्रयोग परदेशातल्या, पाश्चात्त्य संगीताच्या वादकांवरचे आहेत. लोणावळ्यात १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केलं, ते आसन-प्राणायामाचे परिणाम प्रयोगशाळेत मोजण्यासाठी. ज्या राज्यात हे काम शंभर वर्षांपूर्वी सुरू झालं, तिथल्या लोकवादकांची मान-कंबर मोजायला कोणी तरी डहाणूला यायला हवं, असं मला कळकळीनं वाटतं.

योगवर्ग इथे आणायचा असेल तर त्याची पद्धत याच मातीत सापडते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, पुढे अनुताई वाघांसह त्यांनी कोसबाडच्या टेकडीवर काम उभं केलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी अंगणवाडी पाड्यावर नेली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. वेळ आणि जागा शिकणाऱ्याची असे. २१ जूनच्या योगदिनाला इथल्या शेतकऱ्याला उसंत नसते, तो पावसाचा आणि पेरणीचा काळ. भात कापून झालं की हातात वेळ येतो. तारपा वाजतो तोही याच दिवसांत. कीबोर्डवाल्यांची लग्नसराई सुरू व्हायला तेव्हा अवकाश असतो. वर्ग भरवायचा तो तेव्हा, पाड्यावर, वाद्यं सोबत घेऊन. शिक्षकानं आधी वाजवताना पाहावं : कोणता खांदा वर जातो, वजन कोणत्या पायावर आहे, श्वास कुठे कोंडतो. कीबोर्डचा स्टँड कोपराच्या उंचीला आणणं आणि खुर्चीवर दुमडलेली चादर ठेवणं, हा पहिला धडा. दोन गाण्यांच्या मधल्या वेळात हात खाली सोडून दहा लांब उच्छ्वास, हा दुसरा. आसनं त्यानंतर.